वसंतातल्या हलक्या शालीसाठी वीण निवडताना : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विणणारी व्यक्ती दादरची, वय साठीच्या आसपास. तीस वर्षांचा हात: बाळांचे स्वेटर, टोपरी, मोजे, घरातल्या सगळ्यांचे मफलर. जाळीचं विणकाम मात्र कधी सलग केलेलं नाही. शाल हवी होती भाचीला. भाची बोरिवलीला राहते, एसी लोकलने वांद्र्याला उतरते, तिथून शेअर रिक्षाने बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. ऑफिसात तिची जागा एसीच्या झरोक्याखाली. म्हणजे दिवसाचा क्रम असा: अर्धा-पाऊण तास गार डबा, मग वीस मिनिटं घामाची, मग आठ तास पुन्हा गार.

मुंबईला वसंत जेमतेम पंधरा दिवसांचा असतो असं म्हणतात ते हवेपुरतं खरं. फेब्रुवारी सरला की अंगावर लोकर नकोशी होते, पण एसी काही कमी होत नाही. त्यामुळे इथली वसंतातली शाल थंडीसाठी नसते, ती छतातून येणाऱ्या गार झोतासाठी असते. वजन दीडशे ग्रॅमच्या आत, बॅगेत मावणारी, घरी धुता येणारी, आणि पाडव्याला हातात. पाडवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होता, काम सुरू झालं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. रोज सकाळी एक तास विणायचं ठरलं.

दोरा

हा निर्णय पटकन आणि बरोबर झाला. तीन पदरी अॅक्रिलिक स्वस्त, पण घामात चिकटतं आणि ओलं करून ताणलं तरी वाळल्यावर पुन्हा आक्रसतं. बारीक मरिनो लोकर जाळीसाठी उत्तम, पण मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात कसर लागण्याची धास्ती, शिवाय भाचीला मानेला लोकर टोचते. निव्वळ मर्सराइज्ड सुताची शाल जड पडते आणि अंगावर ताठ बसते. उरलं सूत आणि बांबू यांचं मिश्रण, चार पदरी जाडीचं. ५० ग्रॅमच्या गुंड्यात २०० मीटर. असे तीन गुंडे घेतले, एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले: १५० ग्रॅम, ६०० मीटर.

रंगावर थोडी ओढाताण झाली. भाचीला गडद निळा हवा होता. गडद रंगात ट्यूबलाइटखाली जाळीचे टाके दिसत नाहीत, चुकलेला टाका दहा ओळींनंतर कळतो. शेवटी कैरीच्या फोडीसारखा फिकट हिरवा ठरला.

पहिली निवड

वीण निवडली ती फोटो पाहून. अमेरिकन नमुना: मानेकडून खाली रुंदावत जाणारा त्रिकोण, अंगभर पानांची जाळी, काठाला टोकं. दर दोन ओळींना चार टाके वाढतात. मापं अशी: उंची ८८ सेंमी, वरची कड १७६ सेंमी, दोरा ५५० मीटर, लोकरीचा. फोटोतली शाल समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यावर होती. तिला खुर्चीवर बसायचं नव्हतं.

नमुन्यात लिहिलं होतं, सुई नंबर ६. डब्यातल्या ६ नंबरच्या सुया काढल्या आणि टाके घातले.

इथेच पहिली चूक झाली आणि ती आपल्याकडे सर्रास होते. आपल्या बाजारात सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलट, नंबर वाढला की सुई जाड. अमेरिकन ६ म्हणजे ४ मिलिमीटर. आपली ६ म्हणजे ५ मिलिमीटर. ४ मिलिमीटर हवी असेल तर आपल्याकडे ८ नंबर मागायची. योगायोगाने अमेरिकन ८ ही बरोबर ५ मिलिमीटरची, त्यामुळे दोन्ही आकडे ओळखीचे वाटतात आणि संशय येत नाही. नमुना कुठलाही असो, नंबर सोडून मिलिमीटर पाहावेत. सुईवरचा आकडा पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी वापरावी.

आधी मापासाठी नमुन्याचा लहान तुकडा विणला असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तो विणला नाही. कारण नेहमीचंच: शालीला कुठे मापात बसायचंय?

तीन आठवड्यांनंतर

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्रिकोण ५४ सेंमी उंच झाला होता, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या ६१ टक्के. दोरा संपला होता ५८ ग्रॅम, म्हणजे ३९ टक्के. हिशेब सुखाचा वाटला. प्रत्यक्षात तो फसवा होता.

त्रिकोणात ओळ लांब होत जाते, त्यामुळे दोरा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो. ५४ भागिले ८८ म्हणजे ०.६१, त्याचा वर्ग सुमारे ०.३८. याचा अर्थ शालीचं काम अजून ३८ टक्केच झालं होतं. ५८ ग्रॅमना ०.३८ ने भागलं की पूर्ण शालीला १५३-१५४ ग्रॅम. त्यावर टाके सैल बंद करायला आणखी तीन ग्रॅम. हाती १५०. सात ग्रॅम, म्हणजे २८ मीटर कमी पडणार होते, आणि ते अगदी शेवटच्या दोन-तीन ओळींत कळलं असतं. अशा त्रिकोणात निम्मा दोरा संपतो तो ७१ टक्के उंचीला. या शालीत तो बिंदू ६२ सेंमीवर होता. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे.

तूट आली सुईमुळेच. तितकेच टाके ४ मिलिमीटरच्या सुईवर विणले असते तर दोरा ५५० मीटरच्या आत बसला असता. जाड सुईवर प्रत्येक टाका थोडा जास्त दोरा खातो आणि अडतीस हजार टाक्यांत ते थोडंथोडं साठत जातं.

पण दोरा कमी पडणं ही खरी अडचण नव्हती. खरी अडचण दिसली रविवारी, भाची घरी आली तेव्हा.

रविवारची चाचणी

टाके लांब गोल सुईच्या तारेवर मोकळे पसरले, दोन्ही टोकांना रबर लावले आणि अर्धी शाल भाचीच्या खांद्यावर टाकली. तिला जेवणाच्या खुर्चीवर बसवलं, समोर लॅपटॉप ठेवला. पाच मिनिटांत तीन गोष्टी कळल्या.

हात पुढे केले की त्रिकोण मागे घसरतो. पुढे धरून ठेवायला टोकं पुरेशी लांब हवीत, नाहीतर पिन. मागचं टोक आत्ताच बसायच्या जागेपर्यंत येत होतं. पूर्ण झाल्यावर ते ८८ सेंमीचं झालं असतं, म्हणजे ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत थेट चाकाखाली. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. भाचीने आयकार्ड गळ्यात घातलं आणि त्याची क्लिप पानाच्या जाळीत अडकली. सोडवताना एक टाका वीतभर लांब ओढला गेला आणि शेजारचे सहा आवळले.

"मावशी, ट्रेनमध्ये तर कुणाची तरी बॅग अडकून मीच ओढली जाईन," भाची म्हणाली. गंमत म्हणून म्हणाली, पण मुद्दा बिनतोड होता. ५ मिलिमीटरच्या सुईवरच्या जाळीतून करंगळी आरपार जात होती.

आणखी एक दोष विणणारीच्या लक्षात आला होता, पण तिने तो धुतल्यावर जाईल म्हणून सोडून दिला होता: पानांचं टोक वळत होतं. लोकरीच्या तंतूला स्वतःची लवचीक वळणं असतात. ओला करून ताणला आणि तसाच वाळवला की तो तो आकार बराच काळ धरतो. सूत-बांबूत ती ताकद नाही. काठाची टोकं पिना लावून कितीही ओढली तरी दोन दिवसांत ती गोल होतात. फोटोतली टोकदार पानं या दोऱ्यात कधीच येणार नव्हती.

पुढे तीन वाटा

पहिली: चौथा गुंडा आणून शाल पूर्ण करायची. दुकानात तोच रंग होता, डाय लॉट वेगळा. नवा गुंडा फक्त शेवटच्या काठाला वापरला असता तर छटेतला फरक मुद्दाम केल्यासारखा दिसला असता. वजन दीडशेच्या थोडं वर गेलं असतं, पण १६० च्या आत राहिलं असतं. केवळ दोऱ्याचा प्रश्न असता तर हीच वाट शहाणपणाची होती.

दुसरी: ६२ सेंमीला थांबायचं. उरलेल्या दोऱ्याची ददात नाही, पण हाती येतो तो मोठा रुमाल. झोत लागतो खांद्याला आणि दंडाला. रुमाल तिथपर्यंत पोचत नाही.

तिसरी: उसवायचं आणि वीण बदलायची. पुढे सहा आठवडे होते.

निर्णयाला दोन दिवस लागले. विणणारीचं मन मोडत होतं हे उघड आहे. तीन आठवड्यांचं काम उसवताना कुणाचं मोडत नाही? पण निकष पुन्हा कागदावर मांडले तेव्हा पहिली वाट घसरणं, चाक आणि क्लिप यांपैकी एकाही गोष्टीवर उत्तर देत नव्हती. तिसरी वाट ठरली. आमच्या मते बरोबर ठरली, आणि ती चाचणीमुळे ठरली हे जास्त महत्त्वाचं.

उसवताना दोरा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वजन न लावता वाळवली. वजन लावलं की बांबू लांबतो आणि पुढचं माप चुकतं. उसवलेल्या दोऱ्याचे पदर काही ठिकाणी सुटे झाले होते. असा दोन मीटरचा तुकडा कापून बाजूला काढला.

दुसरी वीण

आता क्रम उलटा केला: आधी वापर, मग दोरा, मग वीण. आकार आयताकृती, शेल्यासारखा, दोन्ही टोकं पुढे घेता येतील असा. भोकं लहान. काठ आपोआप सपाट राहील अशी वीण, कारण ताणून वाळवण्यावर भिस्त ठेवायची नव्हती.

साध्या तिरप्या जाळीचा विचार झाला, पण ती सुतात एका बाजूला झुकते आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो. निवडली ती लाटांची वीण. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची ही जुनी वीण, १८ टाक्यांची आणि चारच ओळींची. दोन्ही कडांना तीन-तीन टाके कायम सुलट. खाली सुई म्हणजे एक ओळ, आणि जाळी म्हणजे सुईवर घेतलेला दोऱ्याचा एक वेढा.

पहिली सुई : सगळे टाके सुलट.
दुसरी सुई : कडेचे तीन सुलट, मधले सगळे उलट, शेवटचे तीन सुलट.
तिसरी सुई : तीन सुलट, पुढे दर १८ टाक्यांत दोन टाके एकत्र असं तीनदा, मग जाळी आणि एक सुलट असं सहादा, पुन्हा दोन एकत्र तीनदा, शेवटी तीन सुलट.
चौथी सुई : सगळे टाके सुलट.

सहा टाके कमी होतात, सहा जाळीने वाढतात, १८ चे १८ राहतात. जाळी फक्त तिसऱ्या सुईला, म्हणजे चूक शोधायची तर चारातली एकच ओळ तपासायची. चौथी सुई मागच्या बाजूने सुलट असल्यामुळे पुढे एक उंचवटा येतो आणि तोच कापड गुंडाळू देत नाही. लाट विणीतूनच उमटते, पिनांची गरज नाही.

या वेळी तुकडा विणला. ४ मिलिमीटरच्या सुया, ४२ टाके, ५२ ओळी. धुऊन सपाट वाळवल्यावर २१ सेंमी रुंद, २० सेंमी लांब. म्हणजे १० सेंमीत २० टाके, २६ ओळी. मग तो चिमटा लावून रात्रभर टांगला. सकाळी लांबी २०.६ सेंमी. तीन टक्के वाढ, शाल लटकून किती लांबेल याचा अंदाज आला. शेवटी आयकार्डची क्लिप, बॅगेची झिप आणि वेल्क्रो तुकड्यावर घासून पाहिले. झिप आणि क्लिप अडकली नाहीत. वेल्क्रोने तंतू काढले. वेल्क्रोवर कुठल्याच विणीचा इलाज नाही.

लाटा पाच घ्यायच्या की चार, हा शेवटचा प्रश्न. चार घेतल्या तर ७८ टाके, ३९ सेंमी रुंदी. पाच घेतल्या तर ९६ टाके, ४८ सेंमी. ३९ सेंमी खांद्याला पुरते, दंडाला नाही. पाच ठरल्या.

विणताना

आयताचा फायदा असा की पहिला गुंडा संपला की पूर्ण शालीचं माप कळतं. पहिल्या गुंड्यात ५७ सेंमी झाले. तीन गुंड्यांत १७१. लांबण्याची तीन टक्के वाढ धरून १६२ ला थांबायचं ठरलं, म्हणजे दोऱ्याचा ताण राहिला नाही. दर शनिवारी उरलेला गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा कॅलेंडरवर लिहिला जायचा, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.

दर १८ टाक्यांनी रंगीत दोऱ्याचं कडं सुईवर अडकवलं. या विणीत घट कड्याला ओलांडत नाही, त्यामुळे कडी हलवावी लागत नाहीत. पानांच्या विणीत ती दर दुसऱ्या ओळीला सरकवावी लागत होती. दर २० ओळींनी चौथ्या सुईनंतर सगळ्या टाक्यांतून पांढरा शिवणदोरा ओवून ठेवला, म्हणजे टाका पळाला तरी तिथपर्यंतच पळेल. या दोऱ्याला लाइफलाइन म्हणतात. तो पांढराच घ्यावा, रंगीत दोऱ्याचा रंग धुताना उतरतो. एकदा फोन घ्यायला उठताना अकरा टाके सुईवरून निसटले आणि या दोऱ्यानेच वाचवलं.

दुसरा गुंडा मात्र ओळीच्या मधे जोडला गेला. लोकरीची दोन टोकं ओली करून तळहातावर चोळली की एकजीव होतात, सूत-बांबू होत नाही. तिथे गाठ आली, दिसली, तीन ओळी उसवून जोड कडेला घेतला. बांबू गुळगुळीत असल्यामुळे टोक किमान १५ सेंमी ठेवून कडेच्या सुलट टाक्यांतून जाऊन परत आणावं लागतं, नाहीतर दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं.

मार्च उजाडला तसा तळहाताला घाम येऊन दोरा स्टीलच्या सुईला चिकटायला लागला आणि टाके नकळत घट्ट झाले. लाटेची रुंदी ९ सेंमीवरून ८.५ वर आली तेव्हा लक्षात आलं. विणायची वेळ सकाळी साडेसहाला नेली, पंख्याखाली. पुढच्या दहा ओळींत माप जागेवर आलं.

एकूण ४२० ओळी झाल्या. दोन्ही टोकांना सहा-सहा सुलट, मधे चार ओळींची १०२ आवर्तनं. रोजच्या तासाला साधारण ११०० टाके, म्हणजे छत्तीस-सदतीस दिवस.

धुणं आणि वाळवणं

कोमट पाण्यात बुडवली, पिळली नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली. सतरंजीवर जुनी चादर, त्यावर शाल पसरली. लाटांच्या शिखरांना फक्त पाच-पाच पिना, गंज न चढणाऱ्या. पंख्याखाली रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. खिडकीच्या ग्रिलवरच्या दोरीवर टाकली असती तर ओल्या वजनाने एकाच दिवसात दहा सेंमी लांबली असती, रुंदी तेवढी आत गेली असती.

निष्पत्ती

शाल १६२ सेंमी लांब, ४८ रुंद, वजन १४२ ग्रॅम. पाडव्याच्या दोन दिवस आधी तयार. महिनाभराच्या वापरानंतर लांबी १६७, अंदाजाप्रमाणे. एक टाका लॅपटॉपच्या बॅगेच्या वेल्क्रोने ओढला, तो बोथट सुईने शेजारच्या टाक्यांत वाटून परत बसवला. एसी लोकलमध्ये ती मफलरसारखी दोन वेढे देऊन बसते, ऑफिसात उघडून खांद्यावर. घसरत नाही असं नाही, पण टोकं पुढे असल्यामुळे ओढून घेता येते.

एक उणीव राहिली. टाके घातलेल्या टोकाला लाटा खोल आहेत, बंद केलेल्या टोकाला उथळ. वीण एकाच दिशेने जाते त्याचा हा परिणाम.

वेगळं काय करता आलं असतं

ही उणीव टाळता आली असती: दोन्ही टोकांकडून दोन अर्धे विणून मध्यावर सुईने टाका-टाका सांधायचे. लोकरीत हा सांधा लपतो. सूत-बांबूत तो थोडा दिसतो आणि नेमका मानेमागे येतो. विणणारीने तो पर्याय ऐकून नाकारला. पहिल्यांदा जाळी विणणाऱ्यासाठी तो नकार योग्य होता असं आम्हाला वाटतं, दुसऱ्या शालीला मात्र करून पाहावा.

रविवारची चाचणी तिसऱ्या आठवड्याऐवजी शून्याव्या दिवशी, एखाद्या जुन्या ओढणीवर करता आली असती. ओढणी त्रिकोणी दुमडून खुर्चीत बसलं की चाकाचा प्रश्न फुकटात कळतो. तुकड्याला दोन दिवस गेले असते, उसवण्यात तीन आठवडे गेले.

आणि त्रिकोण वाईट नव्हताच. तोच नमुना लोकरीत, ४ मिलिमीटरच्या सुईवर, पुण्याला जानेवारीत संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कुणासाठी विणला असता तर उत्तम झाला असता. विणणारीने तो कागद फाडलेला नाही. आठ ग्रॅम दोरा उरला आहे, तो वेल्क्रोच्या पुढच्या अपघातासाठी भाचीच्या ड्रॉवरमध्ये एका बोथट सुईसकट ठेवला आहे.